कमळीतला धुरा

यादोरावच्या बरडात जीप येऊन थांबली, तेव्हा सत्यवती कमळीत धान कापत होती. तिचा विळा थांबला तो थांबलाच. कंबर वाकलेली, मुठीत धानाची लोंबं, आणि मान मात्र वर.

"काय पाहून राहिली व?" बाजूच्या ओळीतून रुखमानं विचारलं. रुखमा मजुरीवर आलेली. तिला बोलायला कारण लागत नसे.

"भासऱ्याच्या बरडात गाडी कायले आली?" भासरा म्हणजे तिचा थोरला दीर, यादोराव.

"फसली असन."

"फसली असती तं ढकलत असते. हे तं हात लांब करकरून दाखवून राहिले."

आमच्या चिचखेड्यात त्या बरडाला कुणी जमीन म्हणत नसे. आंधळगावच्या सडकेला लागून उंचावर ती मुरमाड पट्टी पसरलेली. पाऊस आला की पाणी तिथं घटकाभर टिकत नाही, उतारानं पळत बोडीत येतं. बोडी म्हणजे गावाचं लहान तळं, आणि बोडीच्या पाळीखाली कमळी. चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घातलेली, अशी खोलगट बांधी सगळ्या शिवारात दुसरी नाही. पूर्वी तिच्यात कमळं उगवायची, चिखलणीला बैल पोटापर्यंत रुतायचे. बाकी गावाचा धान करपला तरी कमळीतला भारी धान दिवाळीनंतरही मान खाली घालून उभा असायचा.

ती सुखरामच्या वाट्याला कशी आली, तेही गावाला पाठ होतं. म्हातारे भय्याजी गेले आणि दोघा भावांनी वाटे केले. आमच्याकडे रीत अशी, की वाटे थोरल्यानं पाडायचे आणि आधी उचलायचं धाकट्यानं. म्हणजे पाडणाऱ्याच्या मनात पाप येत नाही. यादोरावनं एका बाजूला कमळी ठेवली, दुसऱ्या बाजूला सगळं बरड, वर बैलजोडी आणि घराचं पुढचं अंग. सुखराम गरीब स्वभावाचा. तो बरडाकडे बोट करणार, तेवढ्यात दाराआडून सत्यवतीनं त्याच्या पाठीत बोट खुपसलं. त्यानं कमळी उचलली. "घे बा, तुह्या नशिबाची," म्हणून यादोराव हसला. पाच माणसांसमोर झालं, त्याला कागद कशाला करायचा? कुणी केला नाही.

तेव्हापासून दरसाल नवे तांदूळ निघाले की सत्यवती सूपभर तांदूळ थोरल्या जावेकडे, रंभाबाईकडे, घेऊन जायची. "घ्या बाई, आमच्या कमळीचे हायेत." त्यातला 'आमच्या' ती जरा चावूनच म्हणायची. रंभाबाई सूप घ्यायची, रिकामं परत करू नये म्हणून त्यात मूठभर लाखोळीची डाळ टाकायची आणि तोंडातून शब्द काढायची नाही. देणाऱ्याचा हात वर असतो, आणि सत्यवतीला तो वर ठेवायला फार आवडायचं.

तर त्या जीपमधून उतरला होता तुमसरचा दलाल मधुकरराव. नागपूरच्या कुण्या सेठला सडकेला लागून सगळं बरड हवं होतं, एका तुकड्यात, निलगिरी लावायला. धानाची जमीन त्याला नकोच होती. त्यानं भाव असा सांगितला की ऐकणाऱ्यानं पुन्हा विचारून घेतला. ताराचंदनं दिलं, गोपीचंदनं दिलं. ज्यांना आतापर्यंत कुणी बसायला पिढा देत नव्हतं, ते बरडवाले चौकात पाय पसरून बिड्या ओढू लागले. आणि कमळीसारखी बांधी असलेली सत्यवती आपल्या दारातून ते पाहत राहिली.

बयाना मिळाला तसं यादोरावनं तुमसरहून लोखंडी कपाट आणलं. बंडीतून उतरवताना अर्धं गाव जमलं. दारावर माणूसभर उंच आरसा. सत्यवती पहिले काही दिवस गेलीच नाही. मग, न गेलं तर लोक जळते म्हणतील, म्हणून गेली.

"ये व, ये. पाह्य कसं हाये," रंभाबाई म्हणाली. गळ्यात नवी गरसोळी होती, आणि पदरानं ती झाकायची तसदीही तिनं घेतली नव्हती.

"मस्त हाये बाई. पन ठेवता काय त्यात? बरडातला मुरूम?"

असं बोललं की रंभाबाईचं तोंड उतरायचं. आज ती हसली. "मुरूमच तं विकला गेला व. धानाले कोन विचारून राहिलं आता?"

आरशात सत्यवतीला आपलं अख्खं अंग दिसलं. पायापासून डोक्यापर्यंत तिनं स्वतःला जन्मात पाहिलं नव्हतं. उन्हानं काळी पडलेली, हात कुसळांनी खरवडलेले, लुगड्याच्या काठाला वाळका चिखल. शेजारी रंभाबाई, तिच्याहून मोठी, आणि तिच्याहून ताजी दिसणारी. तेवढ्यात यादोराव आत आला. सत्यवतीनं झटकन पदर ओढून भिंतीकडे तोंड केलं. भासऱ्याला तोंड दाखवायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, हे ती लग्न होऊन आल्यापासून पाळत होती. यादोरावही भिंतीलाच म्हणाला, "धाकटीले च्या पाजा." तो चहा तिनं उभ्याउभ्या घशात ओतला आणि जीभ भाजून घेतली.

घरी येईपर्यंत तिच्या अंगाचा तिळपापड झाला. खोटं कशाला बोलू, हेवाच तो. भात घशाखाली उतरेना. पंधरा वर्षं आपण वर, ती खाली. आणि एका जीपनं सगळं उलटं केलं. शिवाय वाट्याच्या वेळी पाठीत बोट कुणी खुपसलं होतं? आपणच. "कीड पडो या बोटाले," ती चुलीपुढे बसून बोटालाच शिव्या देत होती.

धानाची चुरणी चालू होती. सुखराम खळ्यात बैल फिरवत होता, सत्यवती तणस झटकत होती. मधुकरराव धोतर सावरत तिथं आला.

"सुखरामभाऊ, छोटंसं काम होतं. सातबाऱ्यावर तुम्हा दोघा भावांचं नाव आहे. वाटणी कागदावर चढलीच नाही. रजिस्ट्रीला तुमची एक सही लागेल, बस."

"देतो ना. दादाचंच हाये ते. केव्हा येऊ?"

सत्यवतीनं तणस खाली टाकलं. "थांबा जी. कागदावर दोघाइचं नाव हाये मनता ना?"

"आहे तर."

"मंग पैसा एकाचाच कसा?"

मधुकररावनं दोघांकडे पाहिलं, खाकरला, "ते तुमच्या घरातलं," म्हणाला आणि निघून गेला. बैल आपले गोल फिरत होते. सुखरामनं त्यांना थांबवलं नाही.

"वाटा मोडतं का तू? पाच मानसाइच्या पुढे झालेला?"

"त्यातले तीन मेले."

"ते मेले मनून बोललेलं बी मेलं का?"

"मले नोको शिकवू तुमी. त्या चिखलात माही कंबर गेली. पाय पाहा माहे, बोटाइच्या बेचक्यात पूर्ण कातडं राहिलं नाही. आनि ते? मुरमावर बसून राजे झाले!"

"कमळीनं तुले उपाशी ठेवलं का व कधी?"

सत्यवती रडायलाच लागली. मग पुढचे दिवस तिनं त्याला वाढलं ते ताटात भात आदळून. आंघोळीचं पाणी ठेवलं नाही. शेवटी एका सकाळी सुखराम दातणाची काडी थुंकून म्हणाला, "तू मनते तसं." त्याच्या आवाजात राग नव्हता.

मोहाडीच्या बाजाराच्या दिवशी रजिस्ट्री ठरली. दोन बंड्या निघाल्या, पुढे थोरल्याची, मागे धाकट्याची. कचेरीच्या ओसरीत ही गर्दी. मधुकररावनं कागद पुढे केले. यादोरावची सही झाली.

"इथं कर बा, सुखराम," यादोराव म्हणाला.

सुखरामनं पेन घेतलं आणि बायकोकडे पाहिलं. सत्यवतीनं पदर नाकापर्यंत ओढला. आणि लग्नानंतर पहिल्यांदा ती भासऱ्याशी बोलली, तेही भरल्या कचेरीत.

"कागदावर अर्धं आमचं हाये. अर्धा पैसा भेटन तं सही होईन."

ओसरीतली माणसं वळली. चपराशीसुद्धा वळला. यादोरावनं तिच्याकडे पाहिलं नाही, पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"सुखराम, हे तुहं बोलनं हाये का तुह्या बायकोचं?"

"एकच हाये, दादा." सुखराम जमिनीकडे पाहत होता.

"मंजे वाटा झालाच नाही मनता?"

"नाही झाला," सत्यवतीच म्हणाली.

"भाऊ, सेठ आत बसून राहिले," मधुकरराव मध्ये घुसला. "आज नाही झालं तर ते सडकेच्या पलीकडचं घेतील. मग बसा मुरूम चाळत."

रंभाबाई पायरीवर बसून होती, मांडीवर बाजाराची पिशवी. सकाळपासून तिनं तोंड उघडलं नव्हतं. ती तिथूनच म्हणाली, "द्या जी. अर्धे देऊन टाका त्याइले."

यादोराव चमकला. सत्यवतीही. इतकं सोपं होईल असं तिला वाटलं नव्हतं. तिच्या ओठावर हसू यायला लागलं होतं.

"वाटा झाला नाही मनते ना ते?" रंभाबाई उठून उभी राहिली. "मंग बरड अर्धं त्याइचं. आनि कमळी अर्धी आपली."

कमळी सत्यवतीच्या डोक्यातच आली नव्हती. कमळी तिची होती. तिच्यासाठीही कागद लागतो, हे तिच्या मनाला कधी शिवलं नव्हतं.

"कमळीचं काय काम इथं?"

"बाप एक, कागद बी एक." रंभाबाई पुढे आली. "पंधरा वरसं तुह्या सुपातले तांदूळ शिजवले व मी. घास तोंडात गेला का तुहं तोंड दिसे. 'आमच्या कमळीचे!' रोवण्याले तुह्या बांधीत वाकली का मनात ये, हे माही असती तं! मले पैसा नोको, कपाट बी नोको. मले ते बांधी पायजे."

एवढी वर्षं ती गप्प होती ती अशी आतून पेटलेली होती, हे आम्हा कुणाला कळलं नव्हतं. वाटा खरा होता, असं आता म्हणावं तर सत्यवती आत्ताच सगळ्यांदेखत नाही म्हणून बसलेली. लोक टक लावून पाहत होते. ती विचारात असतानाच सुखराम म्हणाला, "बरोबर हाये. न्यायाचं हाये," आणि त्यानं वाकून सही केली. सही करून तो मोकळ्या चेहऱ्यानं दादाच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

उन्हाळ्यात कमळीच्या मधोमध धुरा पडला. दोघं भाऊ फावडी घेऊन माती ओढत होते आणि मधल्या वेळात एकाच डबीतली तंबाखू मळत होते. जणू काही झालंच नाही. "वाटे मी पाडले, उचल तू," यादोराव रीतीप्रमाणं म्हणाला. सत्यवती मागेच उभी होती. तिनं पाठीत बोट खुपसलं, तर सुखराम पाऊलभर बाजूला सरकला आणि त्यानं वरची, उथळ बाजू उचलली. खोलाकडची थोरल्याला गेली.

"मानूस हा का धोंडा?" ती सगळ्यांसमोर ओरडली.

"मांगच्या वाट्याले चांगली उचलली होती," सुखराम म्हणाला.

बरडाच्या अर्ध्या पैशातून तिनंही कपाट आणलं. रंभाबाईच्यापेक्षा मोठं, दोन दारांना दोन आरसे. ते घराच्या दारातून आत गेलंच नाही. चौकट काढावी तर भिंत येईल असं सुतार म्हणाला. मग ते ओसरीतच राहिलं आणि रात्री त्यावर कोंबड्या बसू लागल्या. रंभाबाई पाहायला आली नाही. ती आली असती तर सत्यवतीला बरं वाटलं असतं.

त्याच उन्हाळ्यात सेठनं बरडाला काटेरी तार ठोकली. ताराचंद आपल्याच जुन्या जमिनीवर राखणदार झाला. कुणाची गाय शिरली तर तिला हाकलताना तो असा शिव्या द्यायचा की जणू सेठचा सख्खा भाऊ. उताराच्या कडेनं सेठनं खोल चर खणवला, रोपांच्या टाक्याकडे पाणी नेण्यासाठी. त्याकडे तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. सगळ्यांचं लक्ष खड्डे खणायच्या मजुरीकडे होतं.

रोवण्याला बाया बोलवायला सत्यवती रुखमाच्या दारात गेली.

"तुह्या चिखलात कोन वाकते आता?" रुखमा तिच्यासमोर केस विंचरत म्हणाली. "सेठ शनिवारच्या शनिवारी नगद देते. आनि वरून कोरडं काम, पायाले चिखल नाही."

एक बाई मिळाली नाही. शेवटी धुऱ्याच्या वरच्या बाजूला सत्यवती आणि खालच्या बाजूला रंभाबाई, अशा दोघीच पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, घेऊन वाकल्या. पुरुष चिखलणी आणि पेंढ्या टाकण्यात. रोवणारी मागे मागे सरकत जाते. दोघी सरकत होत्या, बोलणं नाही. पण एकीची कंबर सरळ झाली नाही तर दुसरीची होत नसे. रंभाबाईचा हात पहिल्यापासून चपळ. सत्यवती तिची ओळ पुढे गेलेली पाहायची आणि पऱ्हे अशी खुपसायची की बोटं तळाला घासत. संध्याकाळी तिला पाय पसरून बसताही येईना. तिकडे रंभाबाई पाटावर भिंतीला टेकून कण्हत होती, ते यादोरावनं सुखरामला सांगितलं आणि सुखरामनं घरी. ते ऐकून सत्यवतीला भात गोड लागला.

भादव्यात पाऊस तुटला. असा तो दर दोन-चार वर्षांनी तुटतोच. बोडी असते म्हणून कमळीला त्याचं काही वाटत नसे. या साली बोडीत चिखलच होता. बरडावरचं पाणी सगळं चरातून सेठच्या टाक्यात गेलेलं. मुरमाबरोबर पाणीही विकलं गेलं, हे तेव्हा गावाच्या डोक्यात शिरलं. चार जण सेठच्या मॅनेजरकडे गेले, तर तो म्हणाला, "जमीन आमची, तिच्यावर पडलेलं पाणीही आमचं." ते परत आले आणि दुसऱ्या दिवशी त्यातलेच दोघं त्याच्याकडे मजुरीला गेले. त्यात सुखरामही होता.

कमळीची वरची बाजू आधी सुकली. भेगा पडल्या, पऱ्हे पिवळी झाली. धुऱ्यापलीकडे खोलात मात्र अजून घोट्याइतकं पाणी, आणि धान काळाभोर हिरवा. सत्यवती दिवसातून चारदा जाऊन ते पाणी पाहायची. धुरा फोडून उपयोग नव्हता, खालचं पाणी वर चढत नाही. तिच्या मनात यायचं, उन्हानं तेही आटावं. मग मनात यायचं, कमळीच आहे ती. तिला धड एकच काही वाटत नव्हतं, आणि त्यानं तिचं डोकं उठायचं.

अशा वेळी मधुकरराव मोटारसायकल पाळीवर लावून खाली आला. "वहिनी, सेठला ही बांधी पाहिजे. खोल आहे, इथं तळं खणायचं. रोपं जगवायला पाणी पुरत नाही त्यांना. पण कागद एकच आहे, दोन्ही घरच्या सह्या लागतात. तुमचे मालक म्हणाले, घरी विचारा."

"मोठीकडे गेले होते?"

"जाऊन आलो. ती म्हणते, धाकटी देत असन तं पाहू."

सत्यवतीनं आपल्या पिवळ्या पऱ्ह्यांकडे पाहिलं. देऊन टाकावं असं तिला खरंच वाटलं. या उन्हात, या भेगांत ठेवलंय काय? पण लगेच तिच्या डोळ्यांपुढे रंभाबाई आली, पुन्हा नवी गरसोळी घातलेली. एकदा बरड विकून झालं, आता कमळीही विकणार! एका वाक्यानं मिळवलेली, माझ्या कमरेवर पिकलेली कमळी!

"देत नाही मना."

"वाळून जाईल हो ही."

"वाळू द्या. तुमचं काय वाळून राहिलं?"

मधुकरराव गाडी सुरू करून गेला. थोड्या वेळानं धुऱ्यावरून रंभाबाई चालत आली. मोहाडीनंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

"काहून व, नाही मनली तू?"

"काहून मंजे? तुमाले दुसरं कपाट पायजे होतं का बाई?"

"मले कायले पायजे? तू हो मनशील, मंग मी नाही मननार होती. मनून तसं सांगतलं त्याले."

सत्यवती तिच्याकडे पाहतच राहिली. "म्या हो मनलं असतं तं तुमी नाही मनल्या असत्या?"

"हाव."

"काहून पन?"

"तू पैसे घेऊन मोकळी होशील अन् ओसरीत बसशील आरशात पाहत. मले पाहवलं नसतं." रंभाबाईनं हे असं सांगितलं जसं कुणी पोटदुखी सांगतं.

"मले बी नाही पाहवलं."

ऊन चढलं होतं. रंभाबाईनं वाकून सत्यवतीच्या बाजूच्या भेगेत बोट घातलं. ते मुळापर्यंत आत गेलं.

"हे दोन दिवसात मरते," ती म्हणाली. "मेलं का सुखराम सही करन. तू नाही मनली तरी करन तो, मोहाडीले केली तशी. अन् एक सही झाली का माह्या घरचा बी चालला कचेरीत भावाच्या मांगं."

ते खरंच होतं.

रंभाबाई आपल्या बाजूला उतरली आणि मोहाच्या झाडाखालून तेलाचा रिकामा पिपा घेऊन आली. त्याला दोन्हीकडून दोर बांधलेले. पाणी उपसायचा पिपा. एक बाई या टोकाला, दुसरी त्या टोकाला, तेव्हा कुठे तो पाण्यात बुडतो आणि झोका घेऊन धुऱ्यापलीकडे रिता होतो. भरलेला तो एकटीला हलतही नाही. रंभाबाईनं एका बाजूचे दोर सत्यवतीच्या पायाशी टाकले.

"पानी माहं हाये, ध्यानात ठेव. उपकार नाही करून राहिली तुह्यावर."

"मी मागतलं नाही."

"धाकटे, मी जिती हाये तवरी हे कमळी तुह्या एकटीच्या घशात जाऊ देनार नाही."

"मी बी तुमच्या नाही जाऊ देनार."

"मंग उचल पिपा."